वहिनी खुर्चीत बसली की पट्टी गायब

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर हसणाऱ्यांतली आहे. इथं कुणी चिंचेच्या झाडाखालचा नाहीतर घाटातला अनुभव टाकला, की मी मनातल्या मनात म्हणते, "लॉग दाखवा." कारण माझं कामच ते आहे. कॉम्प्युटरमध्ये काहीही घडलं तरी लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, त्याची कुठंतरी एक ओळ असते. ओळ सापडली की भूत संपलं.

मग मी का लिहितेय? कारण मला ओळ सापडली... आणि जिथं सापडली तिथं ती असूच शकत नाही.

थांबा, नीट सुरुवातीपासून सांगते. मी लय फास्ट टाइप करते आणि मधलं गाळते असं दादाचं म्हणणं आहे.

आमचं गाव वरवंड, दौंड तालुका. हायवे सोडून आत आलं की कॅनॉलच्या अंगाला आमचं गुऱ्हाळ आहे. त्याला लागून पत्र्याची एक खोली, तेच ऑफिस. खिडकीतून चुलवाणाचा जाळ आणि रस उकळणाऱ्या काहिलीची वाफ दिसते, आणि कीबोर्डवर कायम एक गोड चिकट थर असतो, कितीही पुसा. टेबलावर आमचा जुना कॉम्प्युटर. मी शिरूरला कॉलेजला, शेवटच्या वर्षाला, हॉस्टेलवर. शनिवार-रविवार न्हावऱ्यावरून गाडीनं घरी.

त्या कॉम्प्युटरवर मी आणि दादानं मिळून एक ओपन-सोर्स डेस्कटॉप टाकलेला. डेस्कटॉप म्हणजे मशीन चालू केल्यावर तुम्हाला जे जे दिसतं ते सगळं. खालची पट्टी, तिच्यातलं घड्याळ, मेनू, उघडणाऱ्या-मिटणाऱ्या खिडक्या. जगभरातले लोक आपापल्या फावल्या वेळात तो बनवतात. नाव सांगत नाही, मला तिथं अजून काम करायचंय!

मी तिथं काय करते? कोड लय जुना आहे, मी शाळेत जायच्या आधीचा. त्यातले बग मारायचे, आता कुणी वापरत नाही अशी फंक्शन्स (एकेका कामाचे कोडचे तुकडे) काढून नवी घालायची. चालू गुऱ्हाळात चरक बदलण्यासारखं काम... रस थांबता कामा नये. मला हे एवढं आवडतं की मैत्रिणी रील बघतात तेव्हा मी दुसऱ्यांचे पॅच, म्हणजे त्यांनी कोडमध्ये केलेले बदल, वाचत बसते.

माझा भाग म्हणजे खालची पट्टी. तिचा मेंटेनर, म्हणजे राखणदार, एक वयस्कर परदेशी माणूस आहे. मी त्याला 'बुवा' म्हणते. तो इंग्रजीत बोलतो, मी इथं मराठीत सांगेन. बुवाला आता हे काम सोडायचं होतं. पट्टीचा सगळा कोड जो नव्या पद्धतीवर आणेल त्याला तो चावी देणार होता. चावी म्हणजे कुणाला न विचारता थेट कोड बदलायची परवानगी. वरवंडच्या गुऱ्हाळातल्या पोरीकडं चावी! मला दुसरं काही दिसतच नव्हतं तेव्हा.

पण बुवाची एक अट होती. पट्टीत एक जुना बग होता. पट्टी अचानक नाहीशी व्हायची आणि पापणी लवेपर्यंत परत यायची. वर्षानुवर्षं ती तक्रार उघडीच. "माझ्याकडेही होतं," एवढंच लोक लिहायचे, पण मुद्दाम घडवून कुणालाच दाखवता येत नव्हतं. आणि जो बग घडवून आणता येत नाही तो मारता येत नाही. बुवा म्हणाला, "आधी हा पकड. जुनी घाण नव्या घरात न्यायची नाही."

मी शिरूरला माझ्या लॅपटॉपवर सगळं करून बघितलं. पट्टीवर नुसता अत्याचार केला. ढिम्म.

आता वहिनी.

दादाचं लग्न उन्हाळ्यात झालं. कावेरीवहिनी भांडगावची, म्हणजे हायवेनं अगदी शेजारचीच. बीकॉम झालेली, शांत, सगळ्यांना आवडणारी... आणि मला नको तितक्या लवकर सगळ्यांना आवडायला लागलेली. म्हणजे बघा ना. ऑफिसचा कॉम्प्युटर मी बसवला. वजनाच्या पावत्यांचा प्रोग्राम मी लिहिला. आधी दादा मला फोन करून विचारायचा, "तेजे, हे कसं करायचं?" आता वहिनी ऑफिसात बसायला लागली आणि फोन यायचे बंद.

एका शनिवारी मी घरी आले, सॅक खांद्यावर तशीच. ऑफिसच्या दारात उभी राहिले तर वहिनी खुर्चीत, माझ्या खुर्चीत, आणि दादा तिच्या मागं उभा राहून आप्पांना सांगतोय, "बघा आप्पा, तेजीपेक्षा डबल स्पीड हाय हिचा. माऊसला हातच लावत न्हाई!"

आप्पा म्हणाले, "व्हय की!"

आणि पट्टी गेली. माझ्या डोळ्यांदेखत. गेली आणि परत आली.

"अगं बाई," वहिनी म्हणाली, "हे काय झालं?"

"तू काय दाबलंस?" मी ओरडलेच.

"काय न्हाई ओ वन्सं..."

"वन्सं नको म्हणू गं, म्हातारी वाटते मी. उठ, मला बघू दे."

मी बसले. तीच पावती, तीच बटणं. काही नाही. पट्टी अशी बसलेली जशी काय देवळातली पायरी. मी उठले, वहिनीला बसवलं आणि मागं उभी राहिले. थोडा वेळ गेला... पट्टी गायब!

तुम्हाला कळतंय का, जगात कुणाला जमत नव्हतं ते आमच्या ऑफिसात समोर घडत होतं! मी नाचायला पाहिजे होतं. नाचलेही. पण आतून काय वाटलं ते खरं सांगू? माझ्या हातून का नाही? दोन वर्षं मी त्या कोडमध्ये राहतेय आणि पट्टी उडते कुणासमोर, तर जिला डेस्कटॉप हा शब्दही माहीत नव्हता तिच्यासमोर.

मग मी शास्त्रीय पद्धतीनं सुरू झाले. बघा हं, मी काय काय तपासलं, कारण इथले हुशार लोक कमेंटमध्ये हेच विचारणार आहेत. खुर्ची? काही खुर्च्यांत स्टॅटिक करंट तयार होतो आणि स्क्रीन फडफडते, हे खरंय. म्हणून लाकडी स्टूल आणलं. तरी गेली. अर्थिंग? कॉम्प्युटर बंद करून माझा लॅपटॉप नुसत्या बॅटरीवर दिला. लॅपटॉपवरही गेली... जो शिरूरला कधीच हलला नव्हता! कीबोर्ड काढून घेतला, माऊस काढून घेतला, वहिनीला हात मांडीवर ठेवायला सांगितले. तरी. दादाला बसवलं, काही नाही. आईला बसवलं, काही नाही, फक्त आई म्हणाली, "ह्यात माझी मालिका लागती का?"

मग मी म्हणलं, "वहिनी, बांगड्या काढ बरं जरा."

आईनं उंबऱ्यातूनच फैलावर घेतलं, "नव्या सुनंला बांगड्या काढायला लावतीस व्हय गं? चुलवाणात घाल तुझा तो कम्प्युटर!"

"आई, एक्सपेरिमेंट आहे."

"तुझ्या लग्नात कर एक्सपेरिमेंट!"

चुलवाणावर रामसेवक असतो, उत्तर प्रदेशचा. तो उसाच्या चिपाडाचा भारा टाकता टाकता खिडकीतून बघत होता. म्हणाला, "दीदी, भाभी से मशीन डरता है। आपसे नहीं डरता।" सगळे हसले. मी पण हसले. म्हणजे दात दाखवले.

असो. पण लॉग हातात आला होता. त्यात स्पष्ट होतं, पट्टी दर वेळी एकाच फंक्शनमध्ये मरत होती. पट्टी पुन्हा रंगवायचं काम करणारं एक जुनं फंक्शन... आपण त्याला 'रंगारी' म्हणू. मी सगळा लॉग ट्रॅकरवर, म्हणजे प्रोजेक्टच्या तक्रारींच्या पानावर, टाकला. बुवा वेडाच झाला. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा! कसा घडवलास?"

मी लिहिलं, "आमच्याकडं एका मशीनवर होतं." वहिनीचं नाव नाही लिहिलं. कशाला लिहू? बसण्यात काय कौशल्य आहे?

बुवाला समोर बघायचं होतं. रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल ठरला, स्क्रीन शेअर करून. बुवा, आणखी चार-पाच जण वेगवेगळ्या देशांतले. मी आदल्या दिवसापासून इंग्रजीत काय बोलायचं ते घोकत होते. वहिनीला म्हणलं, तू फक्त बस, कॅमेऱ्यात येऊ नको. ती बिचारी एका कडेला सरकून बसली. पण दादा! दादा मागून डोकं घालून म्हणाला, "हॅलो सर! माय वाईफ, सर! शी इज डुइंग द क्रॅश!"

झालं. बुवा म्हणाला, "कुठे आहेत त्या? समोर येऊ दे." वहिनी समोर आली, पदर सारखा करून. बुवानं विचारलं, मागं धूर कसला आहे? आणि ही बाई, जी माझ्यासमोर चार शब्द बोलत नाही, ती तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत गूळ कसा होतो ते सांगायला लागली. ऊस, रस, काहील, हातानं दाखवत, "हॉट, हॉट, देन ढेप!" तिकडं सगळे हसतायत, ढेप-ढेप म्हणतायत. बुवानं माझं पाठ केलेलं एकही वाक्य ऐकून घेतलं नाही. मी वहिनीकडं बघत होते...

आणि पट्टी गेली. कॉलवरचे लोक असे ओरडले जशी काय मॅच जिंकली.

त्या दिवसापासून प्रोजेक्टच्या चॅट चॅनेलवर नवं खूळ. कुणीही पॅच टाकला की खाली कुणीतरी लिहायचं, "हे कावेरीनं टेस्ट केलं का?" प्रोजेक्टमध्ये पद्धत आहे, कोडच्या बदलाखाली लिहितात की कुणी लिहिलं, कुणी तपासलं. आता तिथं 'तपासलं: कावेरी' असं यायला लागलं. वहिनीनं स्वतःचं अकाउंट काढलं, दादानं काढून दिलं. तिनं गुळाच्या ढेपेचा फोटो टाकला, त्यावर बदामच बदाम. मी त्याच आठवड्यात पट्टीचा अर्धा कोड नव्या पद्धतीवर आणून टाकला होता. त्याच्याखाली दोन शब्द. "ठीक वाटतंय."

वहिनी मला जेवायला वाढताना विचारायची, "वन्सं, पॅच म्हंजी ठिगळच ना?" आणि मी म्हणायचे, "हो." आणि भाकरी अर्धीच ठेवून उठायचे.

मग मी ठरवलं, रंगारीला मुळापासून काढायचं. दुरुस्ती नाही, डागडुजी नाही... ते फंक्शनच नको. नव्या पद्धतीत त्याची गरजच नव्हती. मी पूर्ण फाइल उडवली, त्याला बोलावणारी प्रत्येक जागा बदलली. शिरूरला कॉलेजच्या लायब्ररीत बसून केलं सगळं. जगभरच्या लोकांनी चालवून बघितलं, सगळीकडं पास. बुवानं लिहिलं, "सुंदर काम. आता एकच बाकी. कावेरीकडे चालला, की चावी तुझी."

वाचलंत? दोन वर्षांची मेहनत, आणि शेवटचा शिक्का कुणाचा, तर नुसतं खुर्चीत बसणारीचा!

आणि वहिनी नेमकी माहेरी. तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मला धीर कुठला. लॅपटॉप पूर्ण पुसला, सगळं कोरं टाकलं, त्यावर माझा नवा कोड बिल्ड केला. बिल्ड म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम करणं. आणि दादाच्या गाडीवर मागं बसून भांडगाव गाठलं. सकाळची वेळ, अंगणात ऊन, वहिनीची आई काळा चष्मा लावून बाजेवर.

"कोण, तेजू का? ये बाई. आमच्या कावेरीनं काय मोडलं का तुमचं?"

"नाही हो मावशी. मोडतंय का ते बघायलाच आलेय."

"असं कसलं गं शिक्षाण तुझं?" मावशी म्हणाल्या.

वहिनी बाहेर सोप्यात बसली, लॅपटॉप पाटावर. मी म्हणलं नको बाई, मला बघवत नाही, आणि आत मावशींच्या चुलीजवळ चहा ठेवायला गेले. चहा उकळला, कपात गाळला. बाहेरून दादाचा आवाज, "तेजे, अजून हाय पट्टी! हलना बी!" मला रडूच आलं आनंदानं. सुटला! पकडला मी! कप हातात घेऊन बाहेर आले.

वहिनी स्क्रीनवर चॅनेल उघडून बसली होती आणि लाजून हसत होती. बुवानं तिला लिहिलं होतं, "आमच्या सगळ्यात भारी टेस्टरला नमस्कार." दादा कौतुकानं तिच्याकडं बघत होता. मी पण तिच्याकडं बघितलं.

पट्टी गेली.

कपातला चहा माझ्या पायावर सांडला, ते नंतर कळलं. लॅपटॉप ओढला, लॉग उघडला. आणि ती ओळ... रंगारी. पट्टी रंगारीमध्ये मेली.

पण रंगारी नाही! मी काढला! मी अख्ख्या लॅपटॉपवर ते नाव शोधलं. कोडमध्ये नाही, बनलेल्या प्रोग्राममध्ये नाही, डिस्कवर कुठं म्हणजे कुठं नाही. फक्त त्या लॉगमध्ये, आत्ताच्या वेळेला. म्हणजे असं समजा, आमचं चुलवाण फोडून जागा सपाट केली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी कुणाचा तरी हात भाजला.

मी तिथंच बुवाला सगळं पाठवलं. बनलेला प्रोग्रामसुद्धा. त्यानं उघडून बघितलं, त्यालाही त्यात रंगारी सापडला नाही. मग त्याचं उत्तर आलं, थंड एकदम. "हे शक्य नाही. तुझा बिल्ड स्वच्छ नसणार. जिचा बिल्ड स्वच्छ नसतो तिला मी चावी देऊ शकत नाही. हे कावेरीला स्वतःला करू दे. ती बिल्ड करेल, ती चालवेल, ती मला कळवेल."

मी सोप्याच्या पायरीवर बसले. म्हणजे आता तिला शिकवायचं. माझं काम, माझ्या तोंडानं, तिला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते चहानं भाजलंय म्हणून खपवलं.

वहिनी शेजारी येऊन बसली. पायावर गार पाण्याचा फडका ठेवला. मग हळूच म्हणाली, "वन्सं, एक सांगू का? रागावू नका."

"काय?"

"तुम्ही शिरूरला असता ना... तवा न्हाई जात ती पट्टी."

"म्हणजे?"

"म्हंजी मी सोमवारपासून शुक्रवारपर्यंत बसते की तिथं. आख्खा दिवस. कवाच न्हाई गेली. तुम्ही आल्यावरच जाती."

मी तिच्याकडं बघतच राहिले. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंच न्हाई. तुम्ही खुर्ची बघितली, वायर बघितली, माझ्या बांगड्या बघितल्या..." ती थांबली. "मला वाटलं तुमाला ठावं असंल."

खरंच की... मी सगळं बदलून बघितलं होतं. खुर्ची, वीज, मशीन, माणूस. एकच गोष्ट प्रत्येक वेळी तीच होती. मागं उभी असलेली मी. टेस्टिंगचा पहिला धडा मी चुकले होते.

दादा म्हणाला, "थांबा, आत्ता बघू की." आणि मग तासभर त्यानं मला म्हशीसारखं आत-बाहेर हाकललं. मी गोठ्याच्या पलीकडं पेरूच्या झाडाखाली, वहिनी लॅपटॉपसमोर. पट्टी शाबूत. मी सोप्यात, पाठ करून. शाबूत. मी सोप्यात, नुसत्या स्क्रीनकडं बघत. शाबूत! मग दादा म्हणाला, "आता कावेरीकडं बघ."

बघितलं. गेली.

"परत!"

परत गेली.

मावशी काळ्या चष्म्यातून म्हणाल्या, "दृष्ट लागती का काय गं तुझी?" आणि हसल्या. बाकी कुणी हसलं नाही. दादा माझ्याकडं बघत होता आणि मी जमिनीकडं. वहिनीनंच लॅपटॉप मिटला. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता. मला बिल्ड शिकवा तुम्ही. फोनवरनं शिकवा, म्हंजी झालं."

म्हणजे तिला कळलं होतं. दादालाही.

मी शिरूरला परत गेले. वहिनी चार दिवसांनी सासरी वरवंडला आली, आणि मी तिला फोनवर शिकवलं. हे टाइप कर, एंटर मार, लाल अक्षरं आली तर वाच. पहिल्यांदा लाल अक्षरं आली तेव्हा माझ्या आत काहीतरी खूश झालं, हेही सांगून टाकते. पण ती चिकाटीची आहे. "वन्सं, इथं म्हणतंय फाइल गावंना." "वहिनी, मग आधी फोल्डर बदल." "बदललं. ओ, झालं की! चाललं!" तिच्या आवाजात तेच होतं जे माझ्या पहिल्या पॅचला माझ्यात होतं. फोन कानाला धरून मी हॉस्टेलच्या जिन्यात बसले होते, आणि मला कळेना की मला बरं वाटतंय का वाईट.

त्या आठवड्याच्या शेवटी मी घरी गेलेच नाही. सबमिशन आहे म्हणून सांगितलं. वहिनीनं माझा कोड स्वतः बिल्ड करून आठवडाभर ऑफिसात चालवला. पट्टी एकदाही गेली नाही. तिनं बुवाला कळवलं, पास.

बुवानं मला चावी दिली. हो, मिळाली! निरोप आला तेव्हा मी क्लासमध्येच किंचाळले, सरांनी बाहेर काढलं.

मग मी एक केलं. बग बंद करताना ट्रॅकरवर खरं खरं लिहिलं. कावेरी एकटी असताना चालतं, मी तिच्याकडं बघत असले तर चालत नाही, आणि लॉगमध्ये काढून टाकलेल्या फंक्शनचं नाव येतं, कारण मला माहीत नाही. बुवाला वाटलं मी विनोद केला. त्यानं हसरा चेहरा टाकला.

पण त्याच्याखाली आणखी एक उत्तर आलं. ही तक्रार जिनं सगळ्यात पहिल्यांदा नोंदवली होती, तिचं. कुठल्या देशातली बाई, माहीत नाही. इतक्या वर्षांत परत कधी काही लिहिलं नव्हतं तिनं. तिनं लिहिलं, "माझी धाकटी बहीण माझ्या कॉम्प्युटरवर बसली की व्हायचं. मी मागे उभी असायचे. आता आम्ही बोलत नाही, त्यामुळे मला तपासून सांगता येणार नाही."

ते वाचून मी लॅपटॉप मिटला आणि वहिनीला फोन लावला. काय बोलू सुचेना. म्हणलं, "जेवलीस का?" ती म्हणाली, "सकाळचे अकरा वाजलेत, वन्सं."

आता तुम्ही म्हणाल, मेमरी, टायमिंग, योगायोग. सगळं म्हणून बघा. मी स्वतःला सगळं म्हणून बघितलंय. लॉग माझ्याकडं अजून आहे, कुणाला बघायचा असेल तर दाखवते, मलाच हवाय कुणीतरी समजावून सांगणारा. माझं डोकं संपलं.

आणि एक राहिलंच. मागच्या महिन्यात नवं व्हर्जन बाहेर आलं, आमची नवी पट्टी घेऊन. सोबत ज्यांनी काम केलं त्यांचे आभार असतात. मी शनिवारी धावत घरी आले, सगळ्यांना दाखवायचं म्हणून. वहिनी पावती करत होती. दादानं तिच्याच मशीनवर ते पान उघडलं. आप्पा, आई, खिडकीत रामसेवक, सगळे जमले. नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावलेली. 'के' आधी येतो, 'टी' लय खाली.

दादा ओरडला, "अगं कावेरे, तुझं नाव वर हाय! तेजीच्या वर!"

मी हसले. खरंच हसले, शप्पथ. वहिनीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणलं, "अभिनंदन गं." आणि तिच्याकडं बघितलं.

पट्टी गेली.

बाहेर काहील उकळत होती. वहिनीनं मान वळवली नाही. कीबोर्डवरचे हात तसेच ठेवून, अगदी प्रेमानं म्हणाली,

"वन्सं, जरा बाहेर जाऊन येता का? माझी पावती अर्धी राहिलीय."